थैलीत पैसे का टाकायचे?

ऑफिसात पगाराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्यात पगाराच्या दहा टक्के चर्चला द्यावे लागतात म्हणे? कापून घेतात का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पीएफसारखं काहीतरी असतं. पगार जमा होण्याआधीच गायब!

नाही हो, कुणी कापून घेत नाही. कापून घेणारे देश आहेत, पण ते दुसरीकडे. जर्मनीत तुम्ही अधिकृतपणे चर्चचे सभासद असाल, तर तुमच्या इन्कम टॅक्सवर आणखी ८ किंवा ९ टक्के (राज्याप्रमाणे) चर्च टॅक्स लागतो आणि सरकारच तो गोळा करून चर्चला देतं. नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन "मी चर्च सोडलं" असं नोंदवायचं. दरवर्षी लाखो लोक तसं नोंदवतात. आपल्याकडचा मामला अगदी उलटा. जालन्याच्या किंवा आसपासच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी गाणं चालू असताना कापडी थैली फिरते. तिचं तोंड अरुंद असतं, हात आत गेला की किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. रिकामी मूठ आत घालून रिकामीच बाहेर काढली तरी चालून जातं. टॅक्समध्येही फायदा नाही, कारण नुसत्या उपासनेसाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सहसा सूट मिळत नाही. म्हणजे देण्याची सक्ती नाही, न दिल्याची शिक्षा नाही आणि दिल्याचा परतावाही नाही.

तरीही लोक देतात. दर रविवारी देतात, महिन्याची वर्गणी पाकिटात घालून देतात, वाढदिवसाला, परीक्षा पास झाल्यावर, ऑपरेशन नीट झाल्यावर 'कृतज्ञतेचं अर्पण' म्हणून देतात. पहिला पगार झाल्यावर तर घरात ठरूनच गेलेलं असतं. आणि देणारे सगळे काही कारखानदार नसतात. कुणी शिपाई, कुणी नर्स, कुणी एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यात कंत्राटी कामाला, कुणाची दोन एकर कोरडवाहू.

का देतात? 'श्रद्धा' असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येईल. पण ते काही खरं उत्तर नाही. श्रद्धा फुकटातही ठेवता येते.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. २०१४ साली हार्टब्लीड नावाचा बग सापडला तेव्हा जगाला कळलं, की निम्मं इंटरनेट ज्या ओपनएसएसएलच्या जिवावर सुरक्षित व्यवहार करतंय, त्या प्रोजेक्टला वर्षाला देणग्या मिळत होत्या साधारण दोन हजार डॉलर. फक्त! मोठमोठ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की पैसे दुसरं कुणीतरी देत असेल. मॅन्सर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ च्या पुस्तकात हेच मांडलंय: सगळ्यांच्या फायद्याची गोष्ट असेल तर शहाणा माणूस स्वतः खर्च न करता दुसऱ्याच्या खर्चाने काम होण्याची वाट पाहतो. आपल्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्तीची मीटिंग लावा, ऑल्सन लगेच समजेल :-)

या हिशेबाने गावाकडचं छोटं चर्च कधीच बंद पडायला हवं होतं. प्रवचन फुकट, गाणी फुकट, लग्नाला पाळक येणार, मयताला पाळक येणार. मग आपण कशाला द्या? लॉरेन्स आयनाकोन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात याचं एक उत्तर दिलं. धार्मिक मंडळी ही क्लबसारखी असते, तिथे तुम्हाला जे मिळतं ते बाकीचे किती मनापासून येतात यावर ठरतं. पन्नास माणसं जीव ओतून गात असतील तर एकावन्नाव्यालाही बरं वाटतं. अर्ध्यांनी नुसते ओठ हलवले की सगळीच मजा गेली. म्हणून अशा ठिकाणी थोडी झीज सोसायची अपेक्षा असते, आणि ती सोसणारेच टिकतात.

उत्तर चांगलं आहे. पण आमच्या भागापुरतं मला ते अपुरं वाटतं. जालन्यात माणूस थैलीत पैसे का टाकतो हे समजायचं तर आधी बघायला हवं की जालन्यात पैसे *येत* कुठून होते.

नारायण शेषाद्री हे नाव किती जणांना माहीत आहे? त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं, नाव तरी शाळेच्या पुस्तकांच्या आसपास कुठेतरी वाचलेलं असेल. १८४३ साली नारायण मुंबईत ख्रिस्ती झाले. श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, प्रकरण कोर्टात गेलं, पोरगा घरच्यांकडे परत आला, आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. त्यावरून तेव्हाच्या समाजात केवढं रण पेटलं! थोरले नारायण मात्र पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले आणि १८६० च्या दशकात जालन्याला आले. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात, शेजारी इंग्रजांची छावणी. सर सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं गेलं. गावकुसाबाहेरच्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या लोकांना स्वतःचं घर, शेत, शाळा आणि प्रार्थनेची जागा मिळावी म्हणून. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिथे शेषाद्री बोलले. या कामासाठी परदेशात फिरून त्यांनी मदत गोळा केली.

काम मोठंच होतं. त्या काळात निजामाच्या राज्यात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं त्याला विहीर मिळाली, हे कुणी नाकारू नये. पण हिशेबाच्या वहीत बघितलं तर पैसा दुसरीकडचा होता. एडिनबराच्या, ग्लासगोच्या कुठल्यातरी बाकावर बसलेल्या माणसाने थैलीत शिलिंग टाकला आणि जालन्यात पाळकाचा पगार झाला. आणि जो पगार देतो तो ठरवतो हा नियम देवाच्या घरातही लागू असतो. पाळक कोण, शाळेत मास्तर कोण, छप्पर कधी शाकारायचं... सगळं साहेबाला विचारून. मंडळीचं काम काय? घेणं आणि आभार मानणं.

हा धोका बाहेरच्यांच्या आधी काही मिशनवाल्यांनाच दिसला होता. अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये आपल्याकडे येऊन गेले, अहमदनगरच्या मिशनचं काम त्यांनी पाहिलं. स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन हेच सांगत होते. तत्त्व सुंदर, अंमलबजावणी सोयीने. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. परदेशी पैशावर आणि परदेशी वळणावर चाललेलं चर्च या मातीत परकंच राहणार, हे त्यांना उमगलं होतं. १९१९ मध्ये ते गेले. प्रयोग फार वाढला नाही, पण त्यांनी उभा केलेला प्रश्न अजून आहे तिथेच आहे. जेवण दुसऱ्याच्या घरचं आणि घर मात्र आपलं, असं कसं चालेल?

आता थैलीकडे या. जो माणूस पिढ्यान् पिढ्या गावाकडून बलुतं *घेत* आला, खळ्यावर शेवटी उभा राहून पदरात पडेल ते घेत आला, आणि नंतर मिशनकडूनही *घेत* आला, तो त्या थैलीत चार आणे टाकतो तेव्हा काय करत असतो? तो जागा बदलत असतो. घेणाऱ्यांच्या रांगेतून उठून देणाऱ्यांच्या रांगेत बसत असतो. माझ्या मते आमच्याकडच्या देण्याचं मूळ इथे आहे. मोक्षाची खरेदी नाही, देवाशी सौदा नाही. "हे आमचं आहे" असं म्हणण्याचा हक्क आहे. 'पोटासाठी बाटलेले' हा टोमणा दीडशे वर्षं ऐकलेल्या लोकांनी वादविवाद न करता दिलेलं हे उत्तर आहे, दर रविवारी.

हे फार जड झालं असेल तर कापणीचा सण बघा. पीक घरात आलं की चर्चमध्ये पहिलं फळ आणायचं. ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, अंडी, मोसंबी (जालन्यात मोसंबी नाही तर काय!). उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. डझनभर मोसंबीची बोली बाजारभावाच्या कितीतरी वर चढते. ज्याने सर्वांत मोठी बोली लावली तो पैसे देतो, आणि पुष्कळदा मोसंबी परत टेबलावर ठेवतो: पुन्हा लिलाव करा! तीच मोसंबी तीनदा विकली जाते. बोली लावणारे खोखो हसत असतात, बायका मागून ओरडून भाव वाढवत असतात. मार्केटच्या नियमांनी हा शुद्ध वेडेपणा. पण तिथे कुणी मोसंबी विकत घेत नसतंच मुळी. छपराचे पत्रे बदलायचेत हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि यात फक्त ख्रिस्ती असं काही नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह असला की घरटी वर्गणी निघते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पायलीभर गहू देतो, नाहीतर पंगतीत वाढायला उभा राहतो. पावती फाडली नाही तर कुणी प्रसाद नाकारत नाही. पण न देणारा स्वतःच जरा कडेकडेने वावरतो. मुष्टिफंड हा शब्दही महाराष्ट्राला नवा नाही. मिझोराममध्ये तर ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींचे वर्षाकाठी कोट्यवधी रुपये होतात. गरीब लोकांनी संस्था उभी करायची ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे.

मजेची गोष्ट म्हणजे मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चच्या माणसांना 'मंडळी'च म्हणतात. इमारत म्हणजे चर्च नाही, मंडळी म्हणजे चर्च. त्यामुळे 'चर्चला दिले' याचा अर्थ 'आम्ही आम्हालाच दिले' एवढाच निघतो.

असो. इतिहास झाला, आता आजचा हिशेब.

स्कॉटलंडचा तो पैसा केव्हाच आटला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून तर कारभारही आपलाच. परदेशी देणग्यांचा कायदा २०१० मध्ये नवा आला, २०२० मध्ये आणखी कडक झाला. एका संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचीही आता सोय नाही. कायद्याबद्दल काय वाटायचं ते वाटो, छोट्या मंडळीसाठी अर्थ एकच: पाळकाचा पगार, लाइट बिल, दफनभूमीचं कुंपण, सगळं थैलीतून.

आणि थैली भरणारी माणसं कुठे आहेत? पुण्यात. हिंजवडीत, खराडीत, नाहीतर बंगलोरला.

एक साधं गणित करू. समजा एका मंडळीत ६० कुटुंबं आहेत. ४५ कुटुंबं गावातच राहून महिन्याला २०० रुपये देतात. झाले ९,०००. उरलेल्या १५ घरांत पोरगा किंवा पोरगी बाहेर नोकरीला, ती घरं १,००० देतात. झाले १५,०००. एकूण २४,०००. एका पाळकाचं घर आणि चर्चचा किरकोळ खर्च ओढूनताणून निघेल. आता ही १५ पोरं पुण्यात स्थिरावली, आईवडिलांनाही घेऊन गेली आणि तिथल्या एखाद्या मोठ्या, एसी हॉलमधल्या, ड्रम-गिटारवाल्या चर्चमध्ये जायला लागली. घरं गेली फक्त पाव, पैसा गेला साठ टक्क्यांहून जास्त. उरलेल्या ४५ घरांच्या वाट्याला तीन मंडळ्यांत मिळून एक पाळक येतो आणि उपासना महिन्यातून एकदा होते. आकडे माझे आहेत, समजुतीसाठी घेतलेले. पण ज्यांचं गाव लहान आहे त्यांनी मनातल्या मनात आपले आकडे घालून बघावेत.

म्हणून माझं स्पष्ट मत: पुण्यात जिथे जाता तिथे जरूर द्या, पण निम्मं तरी गावाला पाठवा. मोठ्या चर्चला तुमचे हजार रुपये म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्याचा खर्च. गावच्या चर्चला ते पाच घरांची महिन्याची वर्गणी आहेत.

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला: "देणं म्हणजे धंदा झालाय." टीव्हीवर आणि मोठ्या सभांमध्ये सांगणारे आहेतच की इकडे हजार टाका, देव शंभरपट देईल. हे दान नव्हे, चिट फंड आहे. ज्याच्या घरात आजारपण आहे, ज्याचं कर्ज फिटत नाही, त्यालाच गाठून हे विकलं जातं. परतावा मिळाला नाही तर दोष पुन्हा त्याच्याच विश्वासाचा! अशांना एक रुपयाही देऊ नये. शुभवर्तमानात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आहे, तिला काही परत मिळाल्याचं त्या गोष्टीत कुठेही नाही, हे या वक्त्यांना सोयीस्करपणे दिसत नाही.

दुसरा: "नावं वाचतात, लाज आणतात." काही ठिकाणी कुणी किती दिले हे वेदीपुढून वाचायची पद्धत असते. ती बंद व्हायला हवी. थैलीचं तोंड अरुंद ठेवणाऱ्या जुन्या माणसांना जास्त अक्कल होती. आणि बहुतेक मंडळ्यांत मतदार यादीत नाव राहायला नियमित वर्गणी लागते, त्याचा अर्थ 'पैसेवाल्यालाच मत' असा होता कामा नये. नियमित हा शब्द महत्त्वाचा, रक्कम नाही. महिन्याला दहा रुपये देणाऱ्या म्हातारीचं मत आणि माझं मत एकच.

तिसरा आणि सर्वांत जड: "हिशेब कुठे आहे?" जुन्या मिशनच्या जमिनी आज शहरांच्या मध्यावर आल्या आहेत, किमती कोटींत आहेत आणि त्यावरून महाराष्ट्रात जागोजागी कोर्टकज्जे चालू आहेत. अशा वेळी तरुण पोरगा म्हणतो, मी घाम गाळून कमावलेले कशाला देऊ? तो चुकीचं बोलत नाही. पण बघा, न देणं हा निषेध कुणालाच ऐकू जात नाही. ज्याला जमीन विकून खायची आहे त्याला तुमच्या हजार रुपयांची गरजच नसते, उलट तुम्ही दूर राहिलात तर तो खूशच. पैसे थांबतात ते पाळकाचे आणि लाइट बिलाचे. वर्गणीदार नाही म्हणजे मतदार नाही, मतदार नाही म्हणजे वार्षिक सभेत उभं राहून "ऑडिट रिपोर्ट वाचा" म्हणायचा अधिकार नाही.

आणि हे विचारायला देवाची परवानगी लागत नाही, कायदाच आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा (आता त्याच्या नावात महाराष्ट्र आहे). त्याखाली नोंदलेल्या ट्रस्टने हिशेब ठेवायचे, तपासून घ्यायचे आणि जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायची. आपण लोक दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे रिपोर्ट बनवतो. गावच्या चर्चसाठी एक साधी एक्सेल शीट बनवायला काय हरकत आहे? एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक. दर महिन्याला दारावरच्या बोर्डवर. व्यक्तीची रक्कम गुप्त, मंडळीची रक्कम उघड. एवढं केलं तरी अर्धी कुजबुज बंद होईल.

चौथा आक्षेप कुणी घेत नाही म्हणून मीच घेतो: चर्चला देण्यापेक्षा सरळ गरिबाला का नाही? द्या की, नाही कोण म्हणतं. पण गावात रात्री दोनला मयत झाली तर पाळकाला उठवता येतं, शववाहिकेचे पैसे मंडळीच्या पेटीतून निघतात, दुसऱ्या दिवशी दहा बायका त्या घरी डबा घेऊन जातात. ही व्यवस्था क्राउडफंडिंगच्या लिंकवर उभी राहत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं, कंटाळवाण्या नियमिततेने कुणीतरी दोनशे दोनशे रुपये देत राहावं लागतं.

जाता जाता एक बारीक गोष्ट. आता चर्चच्या दारातही क्यूआर कोड लागलाय, पुण्यात बसून पाच सेकंदांत पैसे जातात. उत्तम सोय आहे, वापराच. पण सुट्टीत गावी गेलात आणि थैली समोर आली, तर "माझे ऑनलाइन गेलेत" म्हणून नुसती पुढे सरकवू नका. दहाची नोट टाका. शेजारी बसलेलं सहा वर्षांचं पोर तुमच्या फोनमधला व्यवहार बघत नसतं, तुमचा हात बघत असतं.